हडपसरच्या विहिरीतला सर्फबोर्ड

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही सदाशिव पेठेतून समुद्राच्या बरोबर उलट्या दिशेला निघालो. स्कूटर माझा मावसभाऊ निखिलदादा चालवत होता, मागे मी, आणि माझ्या मांडीवर सामान बांधायची दोरी. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात मी तीन दिवस सकाळी सर्फिंग शिकले होते. तिसऱ्या दिवशी जेमतेम चार सेकंद लाटेवर उभी राहिले आणि तेव्हापासून मला स्वतःचा बोर्ड हवा होता. जाहिरात सापडली ती हडपसरची: वापरलेले दोन बोर्ड विकणे आहेत.

शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं, पहिला बोर्ड लांब, रुंद, जाड आणि मऊ घे. ते मला पाठ होतं. अडचण वेगळी होती. दुकानात समोर येईल ती पहिली वस्तू मी ‘चालेल’ म्हणून घेऊन येते. माझ्या कपाटात असे तीन ‘चालेल’ ड्रेस आहेत, एकदाही न घातलेले. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. दादाला मात्र सांगितलं नव्हतं.

हडपसरला गाडीतळ चौकातल्या गर्दीत आम्ही एका रिक्षावाल्याला पत्ता विचारला.

“समुद्राच्या फळ्या विकतायत, ते ना? सरळ जा. म्हशी दिसल्या की थांबा.”

काचेच्या उंच इमारतींच्या मागे वळलो, तर खरंच म्हशी दिसल्या. पलीकडे मेथीचा हिरवागार तुकडा, एक विहीर आणि पत्र्याची शेड. शेडमधून एक काकी बाहेर आल्या. गाऊनवर ओढणी, हाताला पीठ.

“पोरगं नोकरीला दिल्लीला गेलं,” त्या म्हणाल्या. “तिकडं समुद्र न्हाई म्हणून फळ्या हितंच ठेवून गेलं. आता हितं तरी कुठं समुद्र हाय?”

कांद्याच्या पोत्यांशेजारी दोन बोर्ड उभे होते. एक सहा फुटी, पांढराशुभ्र, टोकदार, त्यावर लाल पट्टा. दुसरा आठ फुटी, निळा, फोमचा, कडेला थोडा कुरतडलेला.

“हाच!” दादाने पांढऱ्यावर हात ठेवला. “मध्ये उभा धरलास की स्कूटरवर मावतो. तो दुसरा काय, दरवाजा आहे.”

माझ्या तोंडात ‘चालेल’ तयार होतं. तेवढ्यात काकींनी विचारलं, “पवायला येतं का गं तुला?”

“हो.”

“मग हिरीत टाकून बघ की. म्हस घेताना सुद्धा आधी धार काढून बघत्यात.”

विहिरीला पायऱ्या होत्या. काठावर कपडे धुणाऱ्या दोन मावश्या हातातलं काम सोडून बसल्या. मला तिथूनच परत फिरावंसं वाटत होतं. पण ट्रॅक पँट दुमडून मी उतरले. पाणी हिरवं आणि चांगलंच गार होतं. पांढऱ्या बोर्डवर आडवी पडले, तर तो माझ्यासकट पाण्याखाली गेला. उठून बसले, तर छातीपर्यंत पाणी आणि पुढच्याच क्षणी मी उलटी.

“अगं बाई, बुडाली की फळी!” एक मावशी आनंदाने ओरडली. नाकात पाणी जाऊनही मला हसू आवरेना.

काकींनी विहिरीच्या भिंतीवर टांगलेले वाळके भोपळे दाखवले. इथली मुलं पोकळ भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकतात. “नव्या माणसाला मोठा भोपळा,” त्या म्हणाल्या. “यायला लागलं की ल्हान. मग काढूनच टाकायचा. आधीच ल्हान बांधला तर शिकणार कधी? बुडण्यातच दिवस जायचा.”

निळा बोर्ड दादाने कुरकुरत खाली आणला. त्यावर मी पालथी झाले आणि तो बाजेसारखा स्थिर राहिला. मग गुडघ्यांवर आले. मग दोन्ही हात पसरून उभी राहिले. लाट नाही, वारा नाही. वर निळं चौकोनी आकाश आणि टाळ्या.

“पण अगं, स्कूटरवर कसा न्यायचा?” पायरीवरून दादा.

“स्कूटर तू घेऊन जा! मला हाच हवाय!”

विहिरीत आवाज इतका घुमला की शेडवरची कबुतरं उडाली. इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. दादा म्हणाला, “बरं बाई, ओरडू नकोस.”

काकींनी त्यांच्या मुलीचा कोरडा ड्रेस दिला, गरम भाकरी, ठेचा आणि ताक वाढलं. त्यांच्या दिरांचा टेम्पो मंडईला निघाला होता. मेथीच्या जुड्यांवर बोर्ड आडवा टाकून मी मागे बसले. प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून बघत होती आणि मी पहिल्यांदाच मान खाली घातली नाही.

आमच्या इमारतीच्या दारात तळमजल्यावरचे आजोबा पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, “समुद्र मागच्या टेम्पोने येतोय वाटतं?”

“नाही आजोबा. त्याला कळवलंय, आम्हीच येतो म्हणून.”

त्यांनी पेपर खाली ठेवला आणि जिन्याच्या वळणावर बोर्डचं टोक स्वतः धरलं.

मी फार लांब जाऊन आलेले नाही. शहराच्या एका टोकापर्यंतच. लाटांबद्दल मला अजून काहीच येत नाही. पण हवं ते मोठ्याने मागितलं तर लोक रागावतात, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. हडपसरला ते ताक वाढतात.