टिकली लावलेली फ्लॉपी

आधी बाईंचं सांगते. डोंबिवलीच्या महिला मंडळात आम्हाला कॉम्प्युटर शिकवायच्या त्या बाई. त्यांनी मला वर्गात घेतलं नसतं तर मी परभणीकडच्या आमच्या गावी परत गेले असते. बाकीचं सगळं त्यानंतर.

माझी शाळा नववीत सुटली आणि मी आत्याकडे राहायला आले. आत्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "क्लास चालू आहे तोवर राहा. क्लास बंद झाला की तुझी गाडी गावाकडे. तुझ्या बापाने स्थळ बघून ठेवलंय." तेव्हापासून रोज वर्गाच्या दाराला कुलूप नाही ना, ते मी लांबूनच बघायचे.

कारण क्लास सारखा बंद पडायच्या बेतातच असायचा. नव्वदीची शेवटची वर्षं. शिकवणाऱ्याचा जरा हात बसला की त्याला नोकरी लागायची. मी यायच्या आधीच पहिले सर अंधेरीला गेले होते, दुसरे मस्कतला, तिसरे कॉम्प्युटरांचा दोन हजार सालचा गोंधळ निस्तरायला थेट अमेरिकेला. दर वेळी पेढे वाटायचे आणि मग दाराला कुलूप. बाईंनी तर आल्या आल्याच सांगून टाकलं, "मीही जाणार. मिस्टर दुबईला आहेत, व्हिसा आला की निघाले. तेव्हा दुसरीला शिकवता येईल असं शिका."

त्या एका मशीनवर दोघींना बसवायच्या. जिला येतं तिने हात पाठीमागे बांधून फक्त तोंडाने सांगायचं, जिला येत नाही तिने बटणं दाबायची. मला ते फार जड जायचं. मी तोंड उघडलं की माझी बोली ऐकून कुणीतरी फिसकन हसायचं. "हसू दे गं," बाई म्हणायच्या. "समोरचीला कळलं ना?" मग माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून घ्यायच्या. "मला मेली थापताच येत नाही. परातीतच फाटते."

नवरात्रात व्हिसा आला. आमची दोन्ही मशीनं कुठल्याशा कंपनीने टाकून दिलेली, आत हार्ड डिस्क नाही. फ्लॉपी घातली तरच ती जागी व्हायची, आणि तशी चालू फ्लॉपी एकच होती. जाताना बाईंनी कपाळावरची टिकली काढून तिच्या लेबलावर चिकटवली. "ही आई. हिला जप. आधी कॉपी, मग धाडस."

ती कॉपी करायची हिंमतच मला होत नव्हती. ड्राइव्ह एकच; त्यात चुकून आधी कोरी फ्लॉपी आणि मग आई गेली, तर आई कायमची पुसली जाणार. मी ती पदरात गुंडाळून घरी न्यायचे, सकाळी परत आणायचे.

अशात मंडळाच्या ठाण्याच्या ऑफिसातून निरोप आला. दसऱ्यानंतर मॅडम येतील, शिक्षिका नसेल तर मशीनं ठाण्याला नेतील. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं. खंडेनवमीला मी नसताना नव्या बॅचने यंत्रपूजा केली होती. झेंडूची माळ, बोटं उमटवलेलं गंध, सगळं छान. फक्त एका मशीनच्या फ्लॉपीच्या फटीतून हळदकुंकू सांडत होतं. आत अक्षता.

"हे कुणी केलं?"

"मी गो," खाडीकडच्या मोठागावची वहिनी म्हणाली. तिची सासू मासळी विकायची, ही नुकतीच क्लासला आलेली. "मशीनचा तोंड तोच ना? तिथंच वाहिला."

मला रडूच फुटलं. मशीन उलटं करून आम्ही तांदूळ झटकले, ब्रशने कुंकू काढलं. पण साफ झालं की नाही ते फ्लॉपी घातल्याशिवाय कळणार कसं? आणि आत एक कण जरी राहिला तरी आई ओरखडणार. मग दोन्ही मशीनं मेली.

म्हणजे आधी चांगल्या मशीनवर कॉपी. पण एकटीने केलं तर कोणती आत गेली याच्यावर नजर ठेवणार कोण? शेवटी वहिनीला खुर्चीवर बसवलं आणि मी माझे हात पाठीमागे बांधले.

"आता टिकलीवाली."

"घातली."

"थांब. पडद्यावर दुसरी मागेल. हां, काढ. आता बिनटिकलीची."

"हीच ना गो? नक्की?"

"दाखव. हां. घाल."

मध्येच दारात कुणीतरी उभं राहिलं. वहिनी मान न वळवता ओरडली, "चपला बाहेर!" त्या ठाण्याच्या मॅडम होत्या. मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. फटीत कोणती फ्लॉपी आहे याच्यावरून नजर काढली असती तर सगळं संपलं असतं.

कॉपी झाली. ती कुंकवाच्या मशीनमध्ये घातली. करकर आवाज आला, दिवा लागला, बराच वेळ काहीच नाही. मग पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"शिक्षिका कोण?" मॅडमनी विचारलं.

"ही काय, हात बांधून उभी," वहिनी म्हणाली.

"शिक्षण?"

"नववी," मी म्हटलं. आता आत्याकडे जाऊन पेटी भरायची, एवढंच डोक्यात.

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. "आणि तू गेलीस की? इथं कुणी टिकतच नाही."

वहिनी खुर्चीवरून उठली, मला त्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतःचे हात पाठीमागे नेऊन मॅडमना म्हणाली, "बोल, काय सांगू हिला? टिकलीवालीपासून सांगते."

मशीनं डोंबिवलीतच राहिली. मीही.

बाई, त्यानंतर तुमची भेट नाही. दुबईचा पत्ता कुणाकडेच नव्हता. पण तुम्ही कधी ना कधी याल. त्या दिवशी मी ज्वारीचं पीठ आणि परात तुमच्यापुढे ठेवीन, हात पाठीमागे बांधीन आणि तोंडाने सांगेन. तुमची भाकरी न फाटता तव्यावर पडेपर्यंत मी तिथून उठणार नाही.