दुपारी मोजलेला ओटा

लाल सिमेंटला स्वतःचा असा एक थंडावा असतो. वैशाखातल्या सकाळी, ऊन अजून समोरच्या घराच्या कठड्यावरच रेंगाळत असताना, त्यावर तळहात टेकला की वाटतं, आपला हात एखाद्या जुन्या विहिरीच्या काठाला लागला आहे आणि आत खोल कुठेतरी पाणी हलतं आहे. नुकताच कुणीतरी गल्लीच्या तोंडच्या नळाला पाईप लावून गंगेच्या गढूळ पाण्याने रस्ता धुऊन काढलेला असतो. ओल्या दगडांचा वास येत असतो, त्यात शेजारच्या स्वयंपाकघरातला मोहरीच्या तेलाचा झणका मिसळतो, आणि दूर वळणावर हातरिक्षाची घंटा दोनदा किणकिणून गप्प होते. मी डोळे मिटून बसते. एका क्षणापुरतं हे गजबजलेलं, जुनं, थकलेलं शहर नुकतंच जन्मल्यासारखं वाटतं.

हा थंडावा मला या घरात राहायला येऊन चाळीस वर्षं झाल्यावर कळला, आणि तोही माझ्या हातून एक चूक झाली म्हणून.

ईरा, तू परवा फोनवर विचारलंस की शहराच्या अगदी मध्यभागी राहणाऱ्या माणसांना आपल्या वस्तीत काय सुधारायला हवं असतं. तुला शाळेत त्यावर लिहायचं आहे. मी म्हटलं, सवडीने सांगते. हे ते सांगणं. अन्वयलाही वाचून दाखव, आणि एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा.

तुम्ही लहान असताना इथे आला होतात, तेव्हा आपल्या घराच्या भिंतीला लागून फुटपाथवर आलेला एक लांबट लाल ओटा पाहिला असेल. बंगाली लोक त्याला रोआक म्हणतात. मध्य कोलकात्यातल्या जुन्या घरांना असे ओटे असतात. घर बांधणाऱ्याने जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी जणू आपली मांडी पुढे केलेली असावी, तसे ते दिसतात. तुमच्या आजोबांची बँकेतून इथे बदली झाली ती तीन वर्षांसाठी; तीन वर्षांची सात झाली, मग मोजायचं आम्ही सोडूनच दिलं. इतक्या वर्षांत मी त्या ओट्यावर एकदाही बसले नव्हते. संध्याकाळी दारातल्या ओट्यावर बायकांनी बसायचं नाही, असं माझ्या आईने लहानपणी सांगितलेलं, आणि ते कारणाशिवाय माझ्या अंगात मुरलेलं. मी पदर सावरून, मान खाली घालून त्याच्या शेजारून जिना चढत असे. माझ्यासाठी ओटा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत खालून येणारी एक अस्पष्ट गुणगुण होती, मधमाशांच्या पोळ्यासारखी. पोळ्यात काय साठतं, हे मी कधी विचारलंच नाही.

यंदा फाल्गुनात आमच्या वॉर्डाच्या कचेरीतून निरोप आला, की गल्लीतल्या रहिवाशांनी आपल्याला काय सुधारणा हव्यात ते लिहून द्यावं. तळमजल्यावरची मिठू, जी मला मासीमा, म्हणजे मावशी, म्हणते आणि माझ्या औषधांच्या वेळा माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवते, ती घरोघर फिरली आणि पिशवीभर चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे आली. इंग्रजीत सुरेख यादी करून द्यायची, ते काम माझं. नागपूरच्या मिशनच्या शाळेत शिकलेली, वळणदार अक्षराची, डाळींच्या डब्यांवर चिकटपट्ट्या लावणारी बाई गल्लीत दुसरी कोण आहे?

काय चिठ्ठ्या होत्या त्या! कॅलेंडरच्या पाठीवर, औषधाच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला लिहिलेल्या. कुणाला डोक्यावरच्या वायरींचं जंजाळ आवरून हवं होतं, म्हणजे गच्चीवर न चढता खिडकीतून चंद्र दिसेल. कुणा एकीला ट्रामची घंटा परत ऐकायची होती. तिच्यावाचून पहाट झाल्याचं आपल्याला खरं वाटत नाही, असं तिने लिहिलं होतं. कुणाची आई दुपारी तासभर झोपते, तेवढ्या वेळात तरी हॉर्न वाजू नयेत. कुणाला पावसाळ्यात पाणी दुसऱ्या पायरीच्या वर येऊ नये असं वाटत होतं. पहिल्या पायरीपर्यंत त्याची हरकत नव्हती. बंगाली मी अक्षर अक्षर लावत वाचते. त्या रात्री जेवण होईस्तोवर मी वाचत होते, आणि मला वाटत होतं की मी कुणाची तरी स्वप्नं उशीखालून काढून पाहते आहे.

आणि मग मी काय केलं असेल? मी शीर्षकं घातली. प्रकाश, आवाज, पाणी, अडथळे. चंद्र प्रकाशाखाली गेला, झोपलेली आई आवाजाखाली गेली. यादी इतकी नेटकी झाली की तिच्यात कुणाचाच चेहरा उरला नाही. माणसाला व्यवस्थितपणाचा केवढा अभिमान असतो, आणि व्यवस्थितपणा किती हलक्या पावलांनी येऊन किती काय उचलून नेतो!

अडथळ्यांच्या सदरात एकाने फुटपाथवरच्या स्कूटरी आणि वाळूच्या ढिगांबद्दल लिहिलं होतं. मला ते अपुरं वाटलं. छत्री, वही आणि शिवणाची टेप घेऊन मी स्वतः पाहणी करायला उतरले. वेळ निवडली दुपारी दोनची, कारण तेव्हा मला कुणी हटकणार नव्हतं. कोलकात्याची दुपार तुम्हाला ठाऊक नाही, बाळांनो. हिरव्या लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या मिटतात, दुकानांची दारं अर्धी ओढली जातात, आणि सगळी गल्ली माशाचं कालवण जेवून गाढ निजते. आम्हा मराठी नोकरदारांच्या घरांत दुपारची झोप म्हणजे आजारपण नाहीतर आळस. मला ती कधी जमली नाही. त्या निर्मनुष्य, पाण्याखालच्यासारख्या उजेडात मी घरोघरचे पुढे आलेले भाग मोजत गेले, आणि आमच्याच ओट्याची लांबी-रुंदी लिहून त्यापुढे स्वच्छ अक्षरांत नोंद केली: वापरात नाही.

यादी कचेरीत पोचली, वैशाख लागला, आणि एका सकाळी कचेरीची माणसं येऊन ओट्याच्या दर्शनी बाजूवर चुन्याची मोठी पांढरी फुली मारून गेली. तोडायच्या जागांची ती खूण होती. मिठू वर आली, पण नेहमीसारखी आत येऊन बसली नाही. दारातूनच तिने सांगितलं, की आता निर्मलबाबू जाणार.

निर्मलबाबू आमच्या गल्लीच्या अगदी टोकाला एकटे राहतात. भूगोलाचे निवृत्त मास्तर, वय पंच्याऐंशीच्या पुढे, छातीचा भाता जुना झालेला. त्यांचा मुलगा सॉल्ट लेकला लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहतो आणि दर रविवारी वडिलांना तिकडे चला म्हणून विनवतो. त्यांनी मुलाला शब्द दिला होता, की ज्या दिवशी मला माझा बाजार माझ्या पायांनी आणता येणार नाही, त्या दिवशी मुकाट्याने येईन. बाजार आणि त्यांचं घर यांच्या बरोबर मध्ये आमचा ओटा. तिथे टेकून श्वास परत मिळवल्याशिवाय त्यांना पुढची अर्धी वाट चालता येत नाही. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. ज्या घराचा ओटा, त्या घरात राहणाऱ्या मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले. निर्मलबाबू पिशवी पायांशी ठेवून बसले होते. पिशवीतून लाल माठाची पानं डोकावत होती. धोतराचा सोगा चुन्याच्या फुलीवर पडला होता. माझ्या यादीची एक प्रत गल्लीतल्या क्लबच्या फळ्यावर लावलेली होती आणि त्यांनी ती वाचली होती. मी माफी कशी मागावी याची वाक्यं मनात जुळवत होते, तेवढ्यात मला बौदी, म्हणजे वहिनी, अशी हाक मारून तेच बोलले, विद्यार्थ्याची वही परत करताना बोलावं तसे.

"बौदी, यादी फार सुरेख केलीत. फक्त मोजायला तुम्ही दुपारी आलात." मग श्वास घेऊन म्हणाले, "आमचा हा देश सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात, एवढाच वेळ असतो. बाकीच्या वेळी तो नकाशावर सापडत नाही."

आणि ते थोडे सरकले. ती जागा माझ्यासाठी होती. मी आईची क्षमा मागून बसले. तेव्हा तो थंडावा पहिल्यांदा माझ्या तळहाताला कळला.

पुढचा आठवडाभर मी वही घेऊन, बरोबर त्या देशाच्या वेळेला, तिथे बसत होते. डोक्यावरची टोपली उतरवून मान चोळणारी मासळीवाली मी लिहून घेतली. बुटाची नाडी बांधायला टेकणारी शाळकरी मुलगी लिहिली, पार्सलं पोचवणारा आणि उभ्याने पाणी प्यायला लाजणारा माणूस लिहिला, आणि आपला गुडघा दुखतो हे फक्त इथेच कबूल करणारी मिठूही. संध्याकाळी ओट्यावर राजकारणापासून आंब्यापर्यंत सगळ्यावर भांडणं होत. मी गप्प बसे म्हणून मला चिडवत, की मासीमा वरून आमची गुपितं ऐकत होत्या, आता खाली येऊन शुद्धलेखन तपासणार. मी हसे. वरून गुणगुण वाटणाऱ्या त्या आवाजात किती निरनिराळे गळे होते!

तिथे बसल्या बसल्या मला त्या चिठ्ठ्या पुन्हा आठवत. चंद्र, घंटा, आईची झोप. आणि वाटे, या सगळ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच तर मागितलं होतं, की या धावत्या शहरात आम्हाला थोडं थांबू द्या. शहराच्या पोटात राहणारा माणूस वेगाला कंटाळत नाही. पण श्वास घ्यायला टेकावं आणि कुणी ऊठ म्हणू नये, एवढी हातभर जागा त्याला हवी असते. असं मागणं कुठल्या शीर्षकाखाली घालायचं?

वही घेऊन मी कचेरीत गेले. तिथला तरुण इंजिनिअर सौम्य स्वभावाचा होता. त्याने सांगितलं, की नोंद ज्याने केली त्यानेच ती चुकल्याचं लिहून सही करावी, तरच पुन्हा पाहणी होईल. मला तुमच्या आजोबांनी कधी पत्रात खाडाखोड करताना पाहिलं नाही. पण मी तिथल्या बाकावर बसून, माझ्याच सुरेख अक्षरांतल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ही नोंद चुकीची आहे, मी ती जागा रिकामी असताना पाहिली. आणि खाली पूर्ण नावाने सही केली.

तो परवा आला, सकाळी साडेआठला. ओटा भरलेला होता. त्याच्यासाठी कुणी उठलं नाही. निर्मलबाबूंनी फक्त आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो जरा घुटमळला, मग त्या मोकळ्या झालेल्या जागेत बसला. आधी कपाळ पुसलं, मग हात मागे टेकून वर, वायरींच्या जंजाळाकडे पाहत राहिला. टेप त्याच्या खिशातच राहिली. बऱ्याच वेळाने कागद काढून त्याने काहीतरी लिहिलं. काय लिहिलंस, असं मी विचारलं. त्याने कागद माझ्यापुढे धरला. माझ्या खोडलेल्या ओळीखाली त्याने तीच नोंद पुन्हा लिहिली होती, फक्त 'नाही' गाळून. आता तिथे नुसतं 'वापरात' एवढंच होतं.

ओटा आता तुटणार नाही. फुली मात्र आहे तिथेच आहे. खूण मारायचा नियम असतो, पुसायचा नसतो, असं तो जाताना म्हणाला. पण रोज कुणाच्या टाचा तिला लागतात, कुणाची साडी घासते, निर्मलबाबूंच्या धोतराच्या सोग्याला थोडा चुना लागून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. थोडी थोडी करून ती फुली घरोघर चालली आहे.

आत्ताही मी तिथेच बसून हे लिहिते आहे. ऊन कठड्यावरून उतरून रस्त्याच्या मध्यापर्यंत आलं आहे. निर्मलबाबू अजून यायचे आहेत. बाजारात आज पहिले आंबे आले आहेत म्हणे, म्हणजे पिशवी जड असेल आणि त्यांना जास्त वेळ बसावं लागेल. मी शेजारच्या लाल सिमेंटवर तळहात ठेवला आहे, कुणी तिथे चुकून स्कूटर टेकवू नये म्हणून. ते अजून थंड आहे.