दादाची तुळई आणि निळी रेघ

ती शिकवायची त्या कॉलेजात तिला सगळे भेगाबाई म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. लहानपणी बाकीची पोरं झोपताना गोष्ट मागायची, ही छताच्या भेगा बघत पडायची. पुढे त्याच भेगा पोटापाण्याला आल्या. काँक्रीटची तुळई ती आधी कॉम्प्युटरवर मोडून बघायची. मग प्रयोगशाळेत खरी तुळई ओतायची, तिला चुना फासायची आणि गणिताप्रमाणे भेग जिथून जाणार तिथे निळ्या पेन्सिलीने रेघ मारायची. भेग बहुतेकदा भलतीकडूनच जायची.

"बाई, भेगेला वाचता येत नाही," विद्यार्थी चिडवायचे.

या खेपेची तुळई मात्र घरच्या तुळईची जुळी बहीण होती. तिचा दादा गवंडी. घर त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं, आणि आता त्याला वर मजला चढवायचा होता. पण आईच्या खाटेवरच्या तुळईला टोकाशी केसाएवढी तिरपी भेग दिसत होती. मधोमध उभ्या भेगा पडल्या तर तुळई आधी वाकते, माणसाला पळायला वेळ देते. तिरपी भेग सांगून येत नाही. सळ्यांना कवेत घेणाऱ्या लोखंडी रिंगाच तिला अडवतात, आणि दादाने त्या विरळ घातल्या होत्या.

"तेव्हा सगळेच अशा घालायचे," दादा म्हणाला. "इतकी वर्षं उभी आहे ना? तू गणित करतेस की भविष्य सांगतेस?"

घर सोडायचं म्हटलं की आई कानावर हात ठेवायची. शेवटी ठरलं, तश्शीच तुळई ओतायची, रिंगा दादानेच बांधायच्या. मजल्याचं वजन तिने पेललं तर भेगाबाईने तोंड मिटायचं.

दादासमोरच तिने तुळईवर निळी रेघ मारली. आपलं गणित चुकू दे, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.

जॅक तुळईला वरून दाबू लागला. वजन दाखवणारा काटा आताच्या छताच्या वजनापर्यंत आला, तुळई ढिम्म. दादा गालात हसला. काटा आणखी चढला. मजल्याचं वजन अजून लांब होतं आणि धाडकन आवाज झाला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, चुन्याची धूळ उडाली.

धूळ बसल्यावर ती जवळ गेली. निळी रेघ सापडेना. भेगेने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गिळली होती. टेबलाशी बसून मांडलेल्या आकड्यांच्या वाटेने हा दगडासारखा जड जीव मुकाट्याने चालत गेला होता! तिला आनंद झाला नाही. हात जोडावेत असं वाटलं, कोणाला ते कळेना.

दादाने भेगेच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला निळं लागलं.

"तू ही रेघ आधीच, माझ्यासमोर मारलीस," तो हळूच म्हणाला. मग त्याने खिशातून फोन काढला.

"आई, झोपलीयेस का? ऊठ तिथून. आधी ऊठ, मग सांगतो."