पानांची कडा

ठाकुर्लीच्या आमच्या वाचनालयातले काका पुस्तकाचं नाव बघतच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून पानांची कडा बघतात. बोटांनी कडा जिथपर्यंत मळलेली, तिथपर्यंतच पोरांनी वाचलंय, असं त्यांचं म्हणणं.

मी कुमारवयीन मुलांसाठी कादंबरी लिहिली आहे. ती प्रकाशकांकडे नेणाऱ्या एजंटने मेलवर विचारलं, तुमच्या कादंबरीसारखी अलीकडची दोन पुस्तकं कुठली? मी भीतभीत सहा गाजलेली नावं घेऊन काकांकडे गेले. त्यांनी एकेक पुस्तक काढून कडा माझ्या नाकासमोर धरली.

"हे बघा ताई, चाळीस पानांत कंटाळली पोरं. हे नाव देऊ नका."

चार पुस्तकं अशीच बाद झाली. दोन मात्र शेवटपर्यंत मळकी होती.

"ही द्या. पण तुमचं यांच्यासारखं आहे की नाही, ते मी काय सांगणार? कादंबरीची प्रिंट ठेवून जा, पोरं वाचतील."

महिनाभर ती प्रिंट मुलामुलींच्या हातांत फिरली. आज काकांनी परत दिली. सगळ्या पुस्तकांच्या कडा दाखवणाऱ्या माणसाने माझी प्रिंट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून दिली आणि चष्मा पुसत बसला.

एजंटची मेल समोर उघडी आहे. दोरा सोडायला हात धजावत नाही.