बसणाऱ्यातला वाकडेपणा

आमची ही म्हणते, आता सोडा त्या हेडक्लार्कचा विषय, तो जाऊनसुद्धा किती वर्षं झाली. मी हो म्हणतो आणि विषय सोडत नाही. काही माणसांचा राग मी नीट जपून ठेवलेला आहे, त्यात त्याचा नंबर पहिला.

मी तेव्हा डहाणूला एका सरकारी कचेरीत ड्रायव्हर होतो. गाडी म्हणजे पिकअप, मागे उघडा हौदा. डासांवर फवारायची पावडर, पंप आणि पंप मारणारी चार माणसं घेऊन कधी तलासरी, कधी सायवन, कधी झाईपर्यंत जायचं. गाडीची मूळ सीट फाटून आतल्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. नवी हवी तर ठाण्याला कागद पाठवावा लागे, आणि हेडक्लार्कला कागदापेक्षा स्वतःची अक्कल चालवायची हौस. त्याने आवारात मोडून पडलेल्या जीपची सीट काढायला लावली आणि छत्री धरून स्वतः उभं राहून एका सुताराकडून ती आमच्या गाडीत बसवून घेतली. सुतार दारं-खिडक्या करणारा. चार भोकांतली दोन जुळली, दोन जुळेनात. हेडक्लार्क म्हणाला, "मग जरा फिरव की तिला." सुताराने फिरवली आणि बोल्ट आवळले.

सीटचं तोंड डावीकडे झालं. स्टिअरिंग माझ्या छातीसमोर यायचं ते उजव्या खांद्यासमोर आलं, गुडघे गिअरच्या दांड्याला लागायला लागले. माणसाचं तोंड जिकडे, गाडी तिकडे ओढते. दुसऱ्याच आठवड्यात तलासरीच्या रस्त्याला डावं चाक खाली उतरलं आणि गाडी एका झाडाला घासली. झाड ताडाचं, आणि वर मडकी लावलेली. झालं! मी परत आलो तेव्हा हेडक्लार्कने सगळ्या कचेरीसमोर विचारलं, "काय रे, सकाळीच घेतोस का?"

मी ताडी आयुष्यात तोंडाला लावलेली नाही. लोक हसतात, पण नीरासुद्धा नाही. त्या दिवशी माझे कान तापले ते अजून आठवतं. वर माझी नोकरी सहा वर्षं टेम्पररी होती. कायम करण्याचा कागद ठाण्याच्या साहेबांकडे जाणार होता, आणि तो या हेडक्लार्कच्या टेबलावर पडून होता. दारुडा असा एक शब्द त्यात शिरला की संपलं.

मी सीटसाठी अर्ज दिला. त्यावर गाडी तपासायला स्टेशनजवळचा मिस्त्री बोलावला. हा मिस्त्री गुजराती बोलणारा, मराठी समजायचं पण बोलताना जीभ आपल्या वळणावर जायची. आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नसे, बाजारात एका वाक्यात दोन भाषा चालायच्या. पण महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तेव्हा आमचा जुना हेडक्लार्क पलीकडे गेला आणि हा नवा घाटावरून आला. त्याला गुजराती ओ की ठो येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायची लाज वाटायची.

तपासणीच्या दिवशी मला मुद्दाम एसटीने तलासरीला धाडलं होतं. परत आलो तर हातात मेमो. त्यात लिहिलं होतं, "कारागिराच्या मते वाकडेपणा आसनात नसून बसणाऱ्यात आहे." शिपायापासून सगळे मला वाकड्या म्हणू लागले.

मी तसाच मिस्त्रीकडे गेलो. तो चक्रावला. म्हणाला, "भाई, में तो एम कह्युं, सीटनो वांक नथी, बेसाडनारनो वांक छे."

आधी मला हसूच आलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. गुजरातीत वांक म्हणजे दोष, चूक. आणि बेसाडनार म्हणजे बसवणारा. मिस्त्रीने बिचाऱ्याने सरळ सांगितलं होतं की सीटचा काही दोष नाही, ज्याने ती बसवली त्याचा आहे. आणि बसवणारा समोरच उभा होता! त्याने वांकाचा वाकडेपणा केला, बसवणाऱ्याचा बसणारा केला आणि सगळं माझ्या अंगावर ढकलून खाली सही ठोकली. त्याला कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी दुसरं धरून चालतो.

एकदा मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मला मराठी शिकवतोस?"

"भाऊसाहेब, ते गुजराती आहे."

"मग तर मुळीच नको."

त्या क्षणी मी ठरवलं, याची जिरवायची. आणि संधी त्यानेच आणून दिली. साहेब तपासणीला येणार होते आणि हेडक्लार्कला त्यांना स्टेशनावरून तलासरीला स्वतः गाडी चालवत न्यायचं होतं, दारुड्या ड्रायव्हरवाचून कचेरीचं अडत नाही हे दाखवायला. मला हुकूम झाला, शिकव.

ओहोटीला डहाणूच्या किनाऱ्यावर वाळू टणक होते. तिथे मी त्याला शिकवलं. गाडी हाकताना मी काय करतो ते मात्र सांगितलं नाही. डाव्या मांडीखाली मी हिने शिवलेली गोधडीची घडी घ्यायचो, अंग उजवीकडे पिळून धरायचो आणि स्टिअरिंग कायम बोटभर उजवीकडे ओढून ठेवायचो. त्यामुळेच गाडी रस्त्यावर राहायची आणि त्यामुळेच रोज घरी आल्यावर कंबरेला तेल लागायचं. गोधडी मी घरी ठेवली. तो समुद्राकडे सरकत जायचा, मागे चाकांची रेघ पाण्याकडे वळलेली दिसायची, पण मागे बघतो कोण! "सरळ जातेय ना रे?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "एकदम सरळ, भाऊसाहेब." हे मी पंधरा-वीस वेळा तरी म्हटलं असेल आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं.

लायसन्स त्याने कसं मिळवलं ते त्यालाच माहीत. साहेब आले, त्याच्या शेजारी बसले. मी मागे हौद्यात पंपांमध्ये. तलासरी जवळ आली तसा रस्ता अरुंद झाला आणि डावं चाक खाली उतरलं. दुसऱ्यांदा उतरलं ते वर आलंच नाही, गाडी कलली आणि बांधाला टेकून उभी राहिली. कुणाला लागलं नाही. साहेबांची टोपी तेवढी चिखलात गेली.

साहेब खाली उतरून त्याच्या तोंडाजवळ आले आणि म्हणाले, "हेडक्लार्क, तुम्ही घेतली आहे का?"

तो पांढराफटक पडला. म्हणाला, "नाही हो साहेब, शपथ! ही सीटच वाकडी आहे."

मी हौद्यात बसून ऐकलं. तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्याच्या मरणाची जोखीम घेतली होती, साहेबांच्याही आणि स्वतःच्याही, हे आज लिहिताना अंगावर काटा येतो. तेव्हा आला नाही. तेव्हा फक्त गोड वाटलं.

गाडी काढायला मिस्त्री आला. साहेबांनी त्याला विचारलं आणि त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. साहेबांची जुनी नोकरी सुरतेत झालेली. ते सावकाश वळले आणि म्हणाले, "मग बेसाडनार कोण?" मी हेडक्लार्ककडे डोळे लावून उभा राहिलो, तो खाली बघेपर्यंत.

महिन्याभरात मी कायम झालो, त्याची बदली झाली, आणि ठाण्याहून नवी सीट आली. मिस्त्रीने ती चारही भोकांत बरोबर बसवली.

पहिल्याच दिवशी मी सायवनच्या वाटेला लागलो. गोधडी नाही, कंबर सैल, मी शीळ घालत होतो. समोरून एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन आपल्या बाजूने, माझ्या उजव्या कडेने येत होती. गाडी तिच्याकडे जायला लागली. माझे हात बोटभर उजवीकडे ओढत होते, मला न विचारता. ब्रेक लागला तेव्हा मोळी खाली पडली होती आणि ती बॉनेटवर हात आपटत ओरडत होती, "पेलास काय रं?"

तिची मोळी उचलून दिली आणि तसाच मिस्त्रीकडे परतलो. म्हटलं, सीट पुन्हा बघ, वाकडी बसलीय. त्याने दोरी लावली, स्टिअरिंगपासून मोजलं, दोन्ही बाजूंनी मोजलं. मग दोरी गुंडाळत म्हणाला, "सीटनो वांक नथी, भाई."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो. त्याने माझ्या कंबरेकडे पाहिलं आणि तो पाने आवरायला लागला.