आधी दिसलेला ईसीजी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी फिजिशियन आहे. हॉस्टेलमध्ये भुतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून झोपायला जायचे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... पण लिहायचंच, असं ठरवलंय.

चिंचवड स्टेशनजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये मी काम करते. चाकणच्या काही कंपन्यांच्या मेडिकल रूम आम्ही ऑनलाइन जोडून घेतल्या आहेत. तिथल्या सिस्टरने ईसीजी काढला की तो ॲपवर येतो, मी वाचून लगेच कळवते. पूर्वी छातीत दुखणारा कामगार ॲसिडिटीची गोळी घेऊन पुन्हा मशीनवर उभा राहायचा. ते थांबावं म्हणून मी या कामाच्या मागे लागले होते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारची ओपीडी संपत आली होती आणि ॲपवर एक ईसीजी आला. नाव प्रकाश गायकवाड, एका ऑटो-पार्ट्स कंपनीतले. मोठा हार्ट अटॅक सरळ दिसत होता. एका लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या एका ओळीत, पेशंटने हात हलवल्यावर येते तशी वेडीवाकडी रेघही होती. शेजारी आमचे कार्डिऑलॉजिस्ट डॉ. केळकर बसले होते. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "मीरा, याला ताबडतोब बोलावून घे."

मी कंपनीत फोन लावला. तिथल्या मंगल सिस्टर गोंधळल्या. "मॅडम, आज मी कुणाचाच ईसीजी काढलेला नाही. मशीन कपाटातच आहे."

"गायकवाड कुठे आहेत?"

"लाइनवर असतील. बोलावते."

तेवढ्यात मी ॲप पुन्हा पाहिलं. तो ईसीजी नव्हता. बाकीच्या पेशंटचे होते, गायकवाडांचं नावसुद्धा नव्हतं. केळकर सरांनी स्वतः सगळी यादी वर-खाली करून पाहिली.

गायकवाड फोनवर आले. "मॅडम, मला काय बी झालं न्हाई. सकाळपास्नं काम करतोय की."

"छातीत जड वाटतंय? घाम?"

"न्हाई ओ. आत्ताच जेवलो चांगला."

मग त्यांचे सुपरवायझर राव यांनी फोन घेतला. "मॅडम, ॲपची काहीतरी गडबड असेल. आज डिस्पॅच आहे, माणूस सोडणं अवघड आहे."

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. माझ्या हातात पुरावा कुठे होता? खोटा अलार्म ठरला असता तर पुढच्या वेळी माझा फोन कुणी गंभीरपणे घेतला नसता. पण मी ते पाहिलं होतं. "राव, त्यांना ॲम्ब्युलन्समध्ये बसवा," मी म्हणाले. "चूक निघाली तर मी स्वतः कंपनीत येऊन माफी मागते."

मोशीच्या ट्रॅफिकमधून ॲम्ब्युलन्स आली. गायकवाड स्वतःच्या पायांनी खाली उतरले, चांगलेच वैतागलेले. आमच्याकडचा ईसीजी नॉर्मल आला. रक्ताचा रिपोर्टही नॉर्मल. त्यांच्या बायको, सुनीताताई, ज्या शाळेत काम करतात तिथून तशाच धावत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "सगळं नॉर्मल आहे, तर घरी नेऊ का?"

केळकर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोड आता. सॉफ्टवेअरचा घोळ असेल."

"सर, तुम्हीही पाहिलंत."

"पाहिलं. पण दाखवणार काय?"

"दाखवायला काही नाही. तरी ते मॉनिटरवरच राहतील."

गायकवाड कुरकुरले, "उगं पडून काय करू, मॅडम?"

"माझ्या समाधानासाठी पडा."

संध्याकाळ होत आली होती. ते बायकोशी मुलीच्या दहावीबद्दल बोलत होते आणि मध्येच गप्प झाले. कपाळावर घाम फुटला. हात छातीकडे गेला. सिस्टरने ईसीजी लावला, "हलू नका" म्हणेपर्यंत त्यांनी हात हलवलाच. कागद बाहेर आला...

तोच ईसीजी होता. त्याच लीडमध्ये तीच वेडीवाकडी रेघ. केळकर सरांनी कागद माझ्या हातातून घेतला.

बोलायला वेळ नव्हता. पुढच्या क्षणी नाडी गेली. मॉनिटर लावलेलाच होता, शॉकचं मशीन हाताशी होतं. एका शॉकमध्ये हृदय परत चालू झालं आणि आम्ही त्यांना कॅथलॅबमध्ये नेलं. बंद झालेली रक्तवाहिनी सरांनी उघडली. हेच लाइनवर किंवा घरी झालं असतं तर... ते मी इथे लिहीत नाही.

नंतर मी ॲपवाल्या इंजिनिअरला बसवून सगळं तपासायला लावलं. सर्व्हरवर गायकवाडांचे हॉस्पिटलमध्ये काढलेले ईसीजी आहेत, सगळे ते पोचल्यानंतरचे. दुपारचा कुठेच नाही. डिलीट झाल्याची खूणही नाही. "मॅडम, असं काही आलेलंच नाही," तो म्हणाला. मी पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा तेच. त्याच नावाचा दुसरा कुणी आहे का, तेही शोधलं. नाही. केळकर सर खासगीत कबूल करतात की दोघांनीही पाहिलं होतं, चारचौघांत मात्र विषय बदलतात. मी बदलत नाही. हसणाऱ्यांनी हसावं.

डिस्चार्जच्या दिवशी सुनीताताई मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगा, दुपारचा तो रिपोर्ट कुणी पाठवला?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. "मला माहीत नाही, ताई," मी म्हणाले. "आजही माहीत नाही. पण एकदा पाहिल्यावर गप्प बसणं मला जमलं नसतं."

त्यांनी क्षणभर माझा हात घट्ट धरला आणि गायकवाडांची व्हीलचेअर ढकलत लिफ्टकडे गेल्या.