बर्फाच्या खांबावरचा नारळ

निघताना मंडळींनी (म्हणजे आमच्या बायकोनं) पिशवीत भडंग, गुडघ्याचं तेल आणि एक शेंडीचा नारळ घातला. तिचे स्वतःचे गुडघे दुखतात म्हणून ती येणार नव्हती. "बर्फाच्या गुहेत पोचलासा की फोडा," ती म्हणाली. "आणि दगड बघून फोडा, न्हायतर कुठंबी आपटशिला." नवी गाडी असो की नवी बोअर, नारळ फुटल्याशिवाय आमच्याकडं कशालाच शोभा येत नाही. शाहूपुरीत पाइपांचं दुकान काढलं तेव्हा पहिला नारळ मीच फोडला होता, त्यामुळं या कामात मला कुणी शिकवायची गरज नाही असं मला वाटत होतं.

सोबत बापू होता. कळंब्याला म्हशी पाळतो, आणि त्याचा आवाज पल्याडच्या शेतात ऐकू जातो. रेल्वे, मग बस, मग जीप, असं करत चौथ्या दिवशी आम्ही लाहौलमधल्या एका वाडीत उतरलो. आमचा वाटाड्या दोर्जे दारात उभा होता. "जुले" (तिकडचा रामराम) म्हणाला आणि त्यानं थुक्पा (शेवयांचं गरम पातळ कालवण) पुढं ठेवला. बापूनं त्यात आपली कांदा-लसूण चटणी ढवळली आणि दोर्जेच्या वाटीतही चमचाभर टाकली. "खावा पावणं, थंडी पळती." दोर्जेच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं वाटी संपवली. बापू मराठीत बोलायचा, दोर्जे हिंदीत, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

जेवताना दोर्जेनं गुहेचं सांगितलं. छतातून पाणी ठिबकतं आणि हिवाळ्यात खालून बर्फाचे खांब वर चढतात. त्याच्या लहानपणी ते मोजता येत नसत. यंदा एकच उभा राहिला होता. त्याची मुलगी कुलूला नर्सिंग शिकते. ती चालायला लागली तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो तिला खांबाशेजारी उभी करतो आणि दोघांत उंच कोण ते बघतो. महिनाअखेरीला ती घरी येणार होती. "त्या खांबाला तेवढा हात लावू नका," तो म्हणाला. मी म्हटलं, "छे, आम्ही काय लहान पोरं आहोत का?"

सकाळी चढायला लागलो. दर वीस पावलांनी दम लागत होता, आणि बापूसुद्धा गप्प झाला होता. गुहेचं तोंड बुटकं, वाकून आत जायचं. आत गेलो. निळसर उजेड, पायाखाली कडकडीत बर्फ, आणि मधोमध तो खांब. बुंध्याला मांडीएवढा, वर मनगटाएवढा, माझ्या डोक्याच्या वर थोडा गेलेला. आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट मी पाहिली नव्हती.

दोर्जे बाहेर दोर गुंडाळत होता. मी नारळ काढला. गुहेच्या तोंडाशी एक काळा सपाट दगड होता, मला दिसला होता. पण बापू मोबाइल धरून म्हणाला, "दगड फोटूत येत न्हाय. खांबाजवळ हुबा ऱ्हा की." आता खरं सांगतो, मलाही फोटोत खांबच हवा होता. बर्फ दगडासारखा टणक दिसत होता. हात वर केला, बापूनं फोटो काढला, 'चांगभलं' म्हटलं आणि बुंध्यावर नारळ हाणला.

नारळ एका दणक्यात फुटला. मग वर कुठंतरी कट् असा बारीक आवाज झाला आणि अख्खा खांब माझ्या पायाशी तुकडे होऊन पडला.

दोर्जे आत आला. मी हात जोडले. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं वाकून बर्फातून नारळाच्या दोन्ही वाट्या उचलल्या, बाहीला पुसल्या आणि माझ्या हातात दिल्या. "तुमच्या देवाचं आहे. खाली पडून राहू नये." खोबऱ्याचा एक तुकडा त्यानं स्वतःही खाल्ला. मला मात्र तो घास घेता आला नाही.

उतरताना मी विचारलं, पुन्हा होईल का? "हिवाळ्यात," तो म्हणाला. थोडं चालून म्हणाला, "झाला तर." निरोप घेताना त्यानं एवढंच मागितलं, की खांबाचा फोटो असेल तर पाठवा, मुलीला दाखवतो.

घरी आल्यावर मंडळींनी विचारलं, "फोडला न्हवं?" मी म्हटलं, "फोडला." तिनं गल्लीभर प्रसाद वाटला. फोटो मी पाठवला नाही. त्यात खांब पूर्ण होता, पण शेजारी मी होतो, नारळाचा हात उगारलेला. बापू म्हणाला, "हात कापून पाठव की, मोबाइलवर जमतंय." मला ते जमेना.

महिनाअखेर आली. मुलगी पोचली असेल या विचारानं सकाळपासून दुकानात लक्ष लागेना. शेवटी फोटो होता तसा पाठवून दिला. तासाभरानं उत्तर आलं. मुलगी विचारते, तुमची उंची किती?

मला उलगडायला वेळ लागला. माझ्या उंचीवरून ती खांबाची काढणार होती, आणि मग दोघांत उंच कोण ते बघणार होती.

तेव्हा मंडळींना सगळं सांगितलं. तिनं दुकानाच्या पिशवीतला टेप काढला आणि म्हणाली, "भितीला लागून हुबं ऱ्हावा." मी राहिलो. तिनं माझ्या पायांकडं बघितलं.

"तिथं पायात बूट हुतं न्हवं?"

"व्हय, हुतं."

"मग बूट घालून या. पोरीच्या मापात फरक नको. एवढं तरी नीट करूया."